तोंडापाशी उडालेला रंग

आप्पा,

काल दुपारी दोरीवरचे कपडे काढताना आपल्या धाकट्याचा गमछा हातात आला. लाल गमछा, बाजारात कुठंही मिळतो तसा. दोन्ही टोकांना रंग शाबूत होता, मध्ये मात्र पंजाएवढा पांढुरका डाग पडला होता. वहिनीला वाटलं साबणानं गेला. ती म्हणाली, "ताई, पुढच्या टाइमला पक्का रंग देखून आणते." आत येऊन तो गमछा मी आरशासमोर तोंडाला बांधून पाहिला, या वयात काय हे चाळे असं स्वतःलाच म्हणत. डाग बरोब्बर नाकातोंडावर आला. कामावर तोंडाला बांधायचात ती तुमची दस्तीसुद्धा तिथंच पांढरी पडायची.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की धाकट्याला तुमचा चेहरा फोटोतलाच आठवतो. मिलचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मायनं आम्हाला बुऱ्हाणपूरला लोधीपुऱ्यात आणलं, ते अजून आम्ही तिथंच आहोत. खाली मी, वर धाकटा, वहिनी आणि त्यांची लेक. माय गेली, तिचं तुम्हाला कळलं असेलच, असलीच तर ती तुमच्याकडेच असणार. मी लग्न केलं नाही. शाळेत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, तेही हिंदीतून. मुलं पाठीमागे मला क्लोरीन मॅडम म्हणतात आणि मला हे माहीत नाही असं समजतात. आणि धाकटा, ज्याला तुम्ही खांद्यावर बसवून मिलचा भोंगा ऐकवायला न्यायचात, तो गावाबाहेरच्या एका शेडमध्ये लूमच्या कापडाला पांढरं करण्याचं काम करतो. म्हणजे तुम्ही कागदाचं करायचात तेच तो कापडाचं करतो. त्याला आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. हे सांगायलाच लिहायला बसले आहे, पण एकदम सांगवत नाही.

तुमच्या मिलचं मला काय आठवतं? तुम्ही पाळीवरून येताय. सायकल भिंतीला टेकवताय. तुमच्या अंगाला तो वास आहे, धुतलेल्या मोरीसारखा, पण नाकात टोचणारा. आम्ही दोघं त्या वासाकडे धावतो, कारण त्याच्या मागोमाग गूळ येतो. गॅसवर काम करणाऱ्या माणसांना मिलमध्ये रोज गूळ मिळायचा. गुळानं घसा धुऊन निघतो, गूळ गॅस ओढून घेतो, असं सगळेच म्हणायचे आणि तुम्हीही म्हणायचात. तरी तो खडा तुम्ही कागदात बांधून खिशात घालून घरी आणायचात. कागद मिलचाच, खरबरीत. गुळाला त्याचे तंतू चिकटलेले असायचे, ते आम्ही जिभेनं काढायचो. माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "तुमच्या छातीसाठी देऊ राह्यले ते, पोरांसाठी नाही. आजचा तरी खा." आणि तुम्ही दस्ती सोडत सोडत म्हणायचात, "माझी छाती काय कापसाची आहे का? खाऊ दे लेकरांना." मग खोकायचात. माय पाठमोरी व्हायची.

एकदा मी धाकट्याच्या हातातला खडा ओढून घेतला. तो लहान होता, त्याला नीट रडताही येईना. तुम्ही मला मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "त्याच्या हातातलं घेशील तर उद्यापासून आणणार नाही." तुम्ही बोलल्याप्रमाणे करता हे मला ठाऊक होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी आधी त्याला देऊन मग उरलेला तुकडा तोंडात टाकायचे. आज वर्गात क्लोरीन शिकवताना मी 'ओढून घेणं' हाच शब्द वापरते. सांगते, याच्या बाहेरच्या कक्षेत आठाला एक कमी आहे, म्हणून हा ज्याला त्याला ओढून घ्यायला बघतो. फ्लोरीन याच्याहून आडदांड, ब्रोमीन जरा सुस्त, आयोडीन तर अगदीच मवाळ, पण खोड सगळ्या घराण्याची एकच. मुलं हसतात. हसली की लक्षात राहतं.

मिठाची गोष्ट तुम्हाला आठवते का? मी तेव्हा अकरावीत होते आणि नुकतंच डोक्यात शिरलेलं सगळं घरात ओतत फिरायचे. तुम्ही जेवायला बसला होता. मायनं भाजीत मीठ कमी टाकलं होतं, तुम्ही वरून मागितलंत. मी म्हटलं, आप्पा, या मिठात तुमच्या मिलचा गॅस आहे. तुमचा घास तसाच राहिला.

"काय व पोरी, मिठात गॅस कसा राहीन? आम्ही तिकडे नाकाला दस्ती बांधून, अन् तुझी माय हातानं टाकू राह्यली भाजीत!"

माय हसून हसून बेजार झाली. मी वहीच्या मागच्या पानावर गोल काढले, ठिपके काढले. सोडियमला एक जास्त, क्लोरीनला एक कमी. तो देतो, हा घेतो, मग दोघंही शांत. याला बंध म्हणतात. आमच्या हिंदी पुस्तकात तेव्हाही आबंध लिहिलेलं असायचं आणि आजही असतं, पण मी घरी बंधच म्हणायचे, आणि वर्गातही कधीकधी तोच तोंडातून निघतो. तुम्ही ते ठिपके बराच वेळ पाहिलेत. मग विचारलंत, "म्हणजे देणारा भेटला की हा गप होतो?" मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग आमच्या छातीत जातो तेव्हा काय घेतो आमचं?" मला सांगता आलं नाही. तो धडा अजून व्हायचा होता. तुम्हीही काही फार विचार करून विचारलं नव्हतं, लगेच पुढचा घास घेतलात आणि मायला म्हणालात, टाक बाई तुझा गॅस अजून चिमूटभर.

आता मला सांगता येतं. छाती आतून ओली असते. त्या ओलीत तो गॅस उतरला की त्याचं ॲसिड होतं, एक नाही, दोन. एक जाळतं, दुसरं रंगसुद्धा उडवतं. कोरड्या वस्तूला तो फारसं काही करत नाही. दर वर्षी वर्गात हा प्रयोग होतो. गॅसच्या एका बरणीत लाल कापडाची कोरडी पट्टी सोडायची, दुसऱ्या बरणीत तशीच पट्टी पाण्यात बुडवून सोडायची. कोरडी लालच राहते. ओली डोळ्यांदेखत पांढरी होते. या वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सूखेवाले को क्यों छोड़ दिया?" मी म्हटलं, पाण्याशिवाय त्याचं काही चालत नाही. मुलीनं लिहून घेतलं आणि तास संपला. एवढं सगळं माहीत असलेली बाई मी, आणि घरातल्या दोरीवरचा गमछा मला काल दिसला. धाकट्याच्या गमछ्याला तिथं कोणी पाणी लावलेलं नाही, आप्पा. ती ओल त्याच्या श्वासाची आहे.

त्याच्या कामाची रीत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. कापड आधी ब्लीचिंगच्या हौदात भिजतं. मग साध्या पाण्यात खळबळून काढायचं आणि त्यानंतर तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या पातळ पाण्यात घालायचं, की पिवळटपणा जातो. त्या साध्या पाण्याला त्यांच्यात मधलं पाणी म्हणतात. ब्लीचिंग आणि तेजाब यांची गाठ पडू नये, पडली की गॅस सुटतो, म्हणून मधलं पाणी. पण उन्हाळ्यात पाणी टँकरचं. ते शेवटच्या धुलाईला पुरवावं लागतं, नाहीतर माल परत येतो. म्हणून मधलं पाणी वगळतात आणि कापड या हौदातून सरळ त्या हौदात जातं. आणि उन्हाळ्यात पडलेली सवय पावसाळ्यातही सुटत नाही, कारण काम लवकर उरकतं. धाकट्याला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, वास मारतो ते मला कळत नाही का? आदत होऊन गेली. नवीन माणसाला त्रास होतो, आपल्याला नाही."

मागच्या होळीनंतर मी त्याला न सांगता त्या शेडवर गेले. मालक माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. मी शिकवते म्हटल्यावर मॅडम मॅडम करू लागला. मी मधल्या पाण्याचं बोलले. त्यानं खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथं मीच धाकट्याला आणून दिलेला मास्क लटकत होता, धूळ खात. मालक म्हणाला, "मॅडम, मास्क तो टंगा है. पहनता कौन है? गर्मी में दम घुटता है इनका. आप ही समझाओ." मी पाहिलं, तिकडे हौदापाशी धाकटा उभा होता, गमछा बांधून, नुसते डोळे दिसत होते. डोळे लाल. त्यानं मला ओळख दाखवली नाही. चहा पिऊन मी निघाले तेव्हा माझाही घसा खवखवत होता.

घरी आल्यावर तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "तिथं सगळे बोलू राह्यले, याची बहीण तक्रार घेऊन आली. माझी काही इज्जत आहे की नाही?" ओरडताना त्याला दम लागला आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. मग तो पायरीवर बसून राहिला, गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर ओढत. तुम्ही अंगणात बसायचात तसाच. मला इतका राग आला, आप्पा. त्याचा नाही, त्या मालकाचाही नाही. माझ्या शिक्षणाचा आला. मला ठाऊक आहे छातीत काय होतंय, पायरीपायरीनं समीकरण लिहून दाखवीन. पण त्यानं त्या माणसाचा एक श्वाससुद्धा सोपा होत नाही.

तुम्ही म्हणाल, सोडायला लाव काम. लावलं होतं. थंडीत तो महिनाभर घरी राहिला. मग बहादरपूरला केळीच्या गाड्या भरायला गेला. घड खांद्यावर घ्यायचा आणि गाडीपर्यंत न्यायचा, बस, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी दुपारीच त्याला कोणीतरी मोटरसायकलवर बसवून घरी आणून सोडलं. ओठ निळे पडले होते. वहिनी रडायला लागली, तर तो हसत म्हणाला, "अगं, घड जास्त पिकला होता की मी?" आठवड्याभरात तो परत शेडवर गेला. म्हणाला, "तिथं उभं राहायचं असतं, ताई. कापड हलवायचं. पळापळ नाही. आता मला जमेल असं तेच एक काम राहिलं." ज्या कामानं त्याची छाती नेली, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कामाला लागणारी छाती आता त्याच्यापाशी नाही. यातून बाहेर पडायची वाट मी पुष्कळ शोधली. शाळेत शिपायाची जागा विचारून पाहिली, ती नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. कसं सांभाळायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुमच्या वेळेस डॉक्टरांनी सगळं विडीवर टाकलं होतं. विडी तुम्ही ओढायचात, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी आपण चौघं पॅसेंजरनं बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात निघालो होतो. तुम्ही खिडकीशी, तोंड बाहेर काढून हवा खाताय. चांदनी स्टेशनात गाडी थांबलेली, सुटतच नाहीये. धाकटा भुकेनं किरकिर करतोय. तुम्ही खिशात हात घालता आणि कागदाची पुडी काढता. तुम्ही तर रजेवर होता. तो गूळ तुमच्या पाळीतल्या जोडीदारानं सकाळी सायकल मारून आणून दिला होता, दवाखान्यात जाऊ राह्यला, घसा ओला ठेव म्हणून. तुम्ही तो धाकट्याच्या हातावर ठेवता. त्यातला अर्धा तो मला देऊ करतो आणि मी नको म्हणते, तू खा. गाडी सुटते. तो आपल्या घरात आलेला मिलचा शेवटचा गूळ. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

माय त्यानंतर एक वाक्य धरून बसली. कोणी भेटायला आलं की म्हणायची, "लेकरांना गूळ चारला अन् स्वतःची छाती जाळून घेतली माणसानं. खाल्ला असता तर राहिला असता." कौतुकानं म्हणायची, आप्पा, दोष द्यायला नाही. पण धाकटा ते ऐकत मोठा झाला. चांदनीच्या स्टेशनावर तो तुकडा कोणी खाल्ला हे त्याला पक्कं आठवतं. तुमचा चेहरा आठवत नाही आणि तो गूळ आठवतो. शेडवर लागल्यापासून तो रोज गूळ नेतो. हौदावरून बाजूला झाला की आधी एक खडा तोंडात टाकतो, मग पाणी पितो. बाकीचे लोक तंबाखू मळतात तेव्हा हा गूळ चघळतो, म्हणून त्याला तिथं गुडवाला म्हणतात. तो मला म्हणतो, "आप्पांनी खाल्ला नाही म्हणून गेले. मी चुकत नाही, एक दिवस चुकत नाही." लेकीनं मागितला तर तिला दुकानातून चॉकलेट आणून देतो, त्या पुडीतला गूळ देत नाही. तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. त्याला वाटतं, तुमच्याकडून राहिलं ते तो नीट करतोय.

आणि खरं काय आहे ते मला माहीत आहे. गूळ पोटात जातो, गॅस छातीत जातो, दोघांची गाठच पडत नाही. गुळानं तोंडाला पाणी सुटतं, घशाची खवखव घटकाभर दबते, बाकी काही नाही. तुम्ही मिलचा सगळा गूळ स्वतः खाल्ला असता तरी त्याच पावसाळ्यात गेला असता. आमच्या हातावर ठेवलेल्या त्या खड्यांनी तुमचं काहीएक कमी झालं नाही. हे मला कॉलेजात असतानाच कळलं होतं आणि मला वाटलं होतं, आता सुटले. तसं झालं नाही. अजूनही संक्रांतीला मी तिळगूळ हातात घेते आणि पदराआड डब्यात टाकून देते.

धाकट्याला हे सांगायचं मी कितीदा ठरवलं. सांगितलं तर इतकी वर्षं छातीवर घेतलेलं तुमच्या मरणाचं ओझं उतरेल. तो मोकळा होईल. पण त्याच क्षणी त्याला हेही कळेल की त्या हौदावर आपण इतकी वर्षं उघडेच उभे होतो आणि उद्याही तसंच उभं राहायचं आहे. काम सोडता येत असतं तर मी सांगितलं असतं. त्याला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही असतं, तरीही सांगितलं असतं.

आज सकाळी तो कामावर निघाला तेव्हा मी त्याच्यासमोर तो गमछा धरला. म्हटलं, हा डाग बघ. कशानं पडतो माहीत आहे? त्यानं गमछा हातात घेऊन उलटा-पालटा केला. मी वर्गातल्या त्या दोन पट्ट्यांचं सांगितलं, कोरड्या आणि ओल्या. तुमच्या दस्तीचंही सांगितलं. तो ऐकत होता. त्याचं तोंड उतरलं. जिन्याच्या कठड्याला धरून त्यानं मला विचारलं, अगदी हळू, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून, "ताई, तू तर हेच शिकवतेस ना. मग खरं सांग. गूळ पकडतो ना गॅसला? आत?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, पण ते घरातही ठेवता येणार नाही. धाकट्याला मराठी वाचता येतं, तुम्हीच त्याला बोट धरून ग म भ न काढायला शिकवलं होतंत. त्याच्या हाती लागलं तर सगळं कळेल, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. तुम्हाला मात्र सांगायला हवं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, आणि त्यानं विचारलं तेव्हा येत होतं. मी त्याला म्हटलं, "पकडतो रे." आणि डब्यातून अजून एक मोठा खडा काढून त्याच्या पुडीत बांधून दिला.